रायफलवाल्याच्या हातात पिस्तूल

रंजना मॅडम, माझे सगळे शॉट वेळेत मारून झाले. एकही छर्रा उरला नाही. हे पहिलं तुम्हाला सांगायचं होतं, बाकी सगळं नंतर.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मला सांगितलं आहे. तुमचं शिक्षण, नोकरीची वर्षं, तुम्ही जिंकलेली पदकं हे सगळं अंकाच्या दुसऱ्या पानावर येणार आहे. त्यातलं मला फारसं माहीतच नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाही आणि विचारायचा माझा धीर झाला नाही. मला माहीत आहेत त्या मॅडम जुन्या कँटीनच्या हॉलमध्ये, नेमबाजीच्या सरावाला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमचे पाय बघत असायच्या. आम्हाला वाटायचं, त्या टार्गेट बघतात. तुम्ही बघत होता ते आमचे गुडघे, आमचे खांदे, आमचा श्वास. टार्गेट तर कागद आहे, तो कुठे पळून जातो, असं तुम्ही म्हणायचात.

मी रायफलचा मुलगा. एनसीसीच्या शिबिरात शाळेत असताना ती पहिल्यांदा हातात आली, आणि मला लगेच आवडली, कारण तिच्यासोबत असताना बोलावं लागत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. कोराडीहून बसनं यायचं, मागच्या बाकावर बसायचं, कुणी इंग्रजीत काही विचारलं की हाताला घाम. पण कॉलेजचं ते जाड कॅनव्हासचं जॅकेट चढवलं, कडक पँट घातली, सगळे बकल आवळले, की मी वेगळाच. जॅकेट माझ्या मापाचं नव्हतं, कुण्या जुन्या सीनियरचं होतं, तरी त्यात शिरलं की कपाटात शिरून दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. आत सगळं स्थिर. डावं कोपर कमरेच्या हाडावर, रायफल खांद्यात, आणि नळीवरच्या गोल रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा गोळा.

मग ते सुरू झालं. गोळा रिंगमध्ये बरोबर बसलेला असायचा आणि मला वाटायचं, अजून जरा स्थिर होऊ दे. मग अजून जरा. बोट ट्रिगरवर असूनही दाबायला तयार नसायचं. मी रायफल खाली घ्यायचो, पुन्हा वर. कॉलेजच्या चाचणीत वेळ संपल्याची शिटी वाजली तेव्हा माझ्या डबीत छर्रे शिल्लक होते. मी जे मारले होते ते चांगले होते, पण न मारलेल्याचे गुण कोण देतं.

तुम्ही काही रागावला नाहीत. डबी उचलून माझ्या कानाशी खुळखुळ वाजवली. "ऐकून राहिला का? हे कायले वापस आणले गा?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मला रडू येत होतं आणि ते तुम्हाला दिसलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जॅकेट उतरवायला लावलं, आणि शर्टावर असाच पलीकडच्या टोकाला नेलं, जिथं अमोल आणि संकेत पिस्तूल मारत होते.

मॅडम, तो पहिला दिवस आठवला की मला अजूनही हसू येतं. मला वाटलं होतं, इतकी वर्षं रायफल मारली, पिस्तूल म्हणजे तिचंच लहान पिल्लू असणार. हात लांब केला आणि नळीच्या टोकाची साईट, जिच्यावरून नेम धरायचा ती, अशी भिरभिरायला लागली की मी घाबरून पिस्तूल टेबलावर ठेवून दिलं. धरायला खांदा नाही, टेकायला कंबर नाही, आवळायला बकल नाही. अंगावरचे कपडे काढून चौकात उभं केल्यासारखं. त्यात माझा डावा हात ऐकेना. पिस्तूल वर गेलं की तो आपोआप आधार द्यायला वर यायचा, आणि एका हातानंच मारायचा तर नियम. दोनदा, तीनदा तुम्ही बघितलं. मग तुमच्या स्कूटीची किल्ली काढून माझ्या डाव्या हातात दिली आणि तो हात खिशात घालायला सांगितलं.

"पकडून ठेव. सोडली का मी घरी कशी जाऊ?"

त्या दिवशी मी शॉटपेक्षा जास्त लक्ष तुमच्या किल्लीकडे दिलं. पण डावा हात खिशातच राहिला.

दुसरी चूक रायफलवाल्यालाच होते, असं तुम्ही सांगितलं होतं. आम्हाला काळ्या गोळ्याची सवय. डोळा सारखा तिकडेच पळतो. मी पिस्तुलाची काळी साईट नेऊन काळ्या गोळ्यातच बसवत होतो, आणि काळ्यावर काळं दिसेनासं झालं की आणखी डोळे ताणत होतो. गोळ्याच्या खाली, पांढऱ्या जागेत साईट ठेवायची आणि गोळा धूसर दिसू द्यायचा, हे मला पटतच नव्हतं. जे मारायचं ते धूसर? मी तुमच्याशी वाद घातला. मी, जो वर्गात हजेरीसुद्धा हळू देतो. तुम्ही खुर्चीवरून उठलात, टार्गेट पुढे-मागे नेणाऱ्या तारेवरून कागद ओढून घेतला, उलटा करून लावला आणि परत पाठवला. समोर नुसता पांढरा कागद.

"आता मार. कुठं पाहशील आता?"

पाहायला काही नव्हतंच. म्हणून मी साईटकडे पाहिलं. हात हलत होता, तो हलूच दिला, कारण कागदावर चुकण्यासारखं काही नव्हतं. दाबत गेलो. छर्रा सुटला तेव्हा मी दचकलो. पुन्हा. पुन्हा. मग तारेवरून कागद जवळ आला आणि त्यावरची सगळी भोकं एका ठिकाणी, जवळजवळ एकमेकांत. मॅडम, मी तो कागद हातात घेऊन उभाच राहिलो. रायफलनं मी याहून चांगलं कितीदा मारलं असेल, पण असं कधी वाटलं नव्हतं. तिथं मी काही तरी सांभाळत असायचो. इथं जणू काही तरी सुटलं होतं. मी घरी जाताना बसमध्ये उभा होतो, जागा असून.

त्यानंतर मला पिस्तुलाचं वेडच लागलं. हाताला ताकद यावी म्हणून भरलेली पाण्याची बाटली धरून हात लांब ठेवायचा, हा सराव तुम्ही दिला होता. मी तो कोराडीच्या स्टॉपवर बसची वाट बघताना करायचो. एकदा कोळशाचा ट्रक माझ्यासमोर येऊन थांबला. ड्रायव्हरनं दार उघडून विचारलं, कुठे जायचं भाऊ? मी त्याला सांगितलं की हात दाखवत नव्हतो, प्रॅक्टिस करत होतो. कशाची, म्हणाला. पिस्तुलाची, असं मी म्हणालो, आणि तो दार ओढून घेऊन असा गेला की मागे नुसती कोळशाची धूळ. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा चहा सांडला होता.

घरी मात्र पंचाईत होती. आईला रायफल चालायची. रायफल पोलीस घेतात, जवान घेतात. पिस्तूल म्हटलं की तिला वस्तीतली नको ती पोरं आठवली. "त्या मॅडम चांगल्या आहेत ना रे?" असं तिनं विचारलं. बाबांनी तर जेवताना मान वर न करता एवढंच म्हटलं की पिक्चरमध्ये ते नेहमी वाईट माणसाच्या हातात असते. मग तुम्हीच आईशी फोनवर बोललात. काय बोललात ते मला आजही माहीत नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, बाटली जरा मोठी घे, ही तर अर्ध्या लिटरची आहे.

आता आपल्यात जे बिनसलं त्याकडे येतो, कारण ते टाळून हे लिहिलं तर ते खोटं होईल.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत रायफल आणि पिस्तूल एकाच सकाळी होते. एकच खेळता येणार होतं. रायफलमध्ये मी वैयक्तिक खेळू शकलो असतो. पिस्तुलात आपल्या कॉलेजचा संघ उतरवायचा होता आणि संघाला तिघं लागतात. अमोल होता, संकेत होता. तुम्ही म्हणालात, तू पिस्तूल खेळशील. मी हो म्हणालो, पण माझ्या मनात एक गोष्ट शिरली होती आणि ती निघत नव्हती. अमोल मला पहिल्या दिवसापासून "जॅकेटवाले साहेब" म्हणायचा. माझा शॉट वाईट गेला की संकेतला ऐकू जाईल असं म्हणायचा, मॅडमनं भरती केली आहे, संघात माणूस कमी पडते ना. मी हसण्यावारी नेत होतो. पण मला आयुष्यात बऱ्याच ठिकाणी असंच घेतलं गेलं आहे. गटात एक कमी पडतो म्हणून. फोटोत एक जागा उरली म्हणून. मला एकदा तरी तसं नको होतं.

त्यात तुम्ही सारखं म्हणायचात, रायफल विसर. उभं राहणं विसर, वाट पाहणं विसर, सगळं विसर. मला ते लागायचं. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेच विसरायचं?

शनिवारी सराव संपल्यावर तुम्ही गेटपाशी स्कूटीवर बसत होता. सक्करदऱ्याला तलावाजवळ गर्दी व्हायच्या आत घरी पोचायचं, म्हणून घाईत होता. मी मागून आलो आणि विचारलं. नीट विचारलं नाही, एकदम तोंडातून गेलं. "मॅडम, तिसरा माणूस पाहिजे म्हणूनच मला घेतलं ना?"

तुम्ही हेल्मेटची काच पुसत होता. पुसतच राहिलात. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं, पण मला काही कळलं नाही. मग हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि म्हणालात, "सोमवारी बोलू. तू जेवून जा आता, कँटीन उघडं आहे."

सोमवारी तुम्ही आला नाहीत. ताप आहे, असं कळलं. मग दवाखान्यात आहेत, असं कळलं. आणि मग कॉलेजच्या ग्रुपवर तुम्ही गेल्याचा मेसेज. मी बसमध्ये होतो. पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि का उतरलो ते मला कळलं नाही, कारण तिथं माझं काहीच नव्हतं.

तुमच्या घरी आम्ही तिघंही आलो होतो. अंगणात चपलांचा ढीग होता. संकेत रडला. अमोल चपला बाजूला सारून येणाऱ्यांना वाट करून देत होता. मला सारखं एकच वाटत होतं, आणि ते लिहायला बरं वाटत नाही: माझं उत्तर आता कोण देणार?

स्पर्धा तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात होती. जायचं की नाही, हे कुणी विचारलं नाही. अमोलनं ग्रुपवर वेळ टाकली आणि आम्ही गेलो.

आता ऐका, मॅडम. हे मला अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही.

हॉल मोठा होता. एका बाजूला रायफलच्या रांगा, तिथं पोरं जॅकेटं चढवत होती. बकलांचा तो आवाज मला ओळखीचा. मी नुसत्या टी-शर्टवर उभा होतो, डावा हात खिशात, आणि मला वाटलं, पळत जाऊन त्यांच्यात उभं राहावं. सुरुवातीचे शॉट खाली, डावीकडे गेले. ओढत होतो. रायफलचा ट्रिगर म्हणजे नुसता स्पर्श, आणि पिस्तुलाचा दाबावा लागतो. घाबरलो की माझं बोट अजून रायफलवाल्याचंच होतं. मग ते जुनं आलं. साईट पांढऱ्यात होती, हात थोडा हलत होता, आणि मनात, अजून जरा. मी खाली घेतलं. वर नेलं. पुन्हा खाली. शेजारच्याचे शॉट फटाफट चालले होते. घड्याळाकडे पाहायचं नाही म्हणून पाहिलं नाही.

मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी टार्गेटकडे. श्वास घेतला. आणि ठरवलं की आता स्थिर व्हायची वाट पाहायची नाही. हात थांबणार नाही. तो आजही थांबणार नाही आणि दहा वर्षांनीही नाही. मी उचललं, साईट पाहिली, फक्त साईट, तिची वरची कड, कडेवरचा उजेड. समोरचं सगळं धुक्यात गेलं. हात आपला इकडे तिकडे फिरत होता, जसं पाणी फिरतं, आणि मी त्याच्यासोबत दाबत गेलो. सुटला. मी दचकलो. तोच तो दचका. कागद आला तेव्हा भोक काळ्याच्या मधोमध.

त्यानंतर मला दुसरं काही आठवत नाही, मॅडम. खरंच नाही. उचलणं, दाबणं, दचकणं. मध्ये एक फार वाईट गेला आणि मला हसू आलं. हॉलमध्ये हसत होतो मी, एकटाच. पुढचा छर्रा भरायला डबीत बोट घातलं तर बोटाला डबीचा तळ लागला. शिटी अजून व्हायची होती. मी उभा राहिलो आणि मला काय करावं ते कळेना. आजपर्यंत माझ्याकडे वेळ कधी उरलाच नव्हता.

आपला संघ तिसरा आला. संकेतनं सगळ्यात चांगलं मारलं, अमोल नेहमीसारखा, आणि मी दोघांच्या मागे. पण संघात तिघांचेही गुण धरतात.

नंतर आम्ही बाहेर तर्री पोहे खायला थांबलो. संकेत घरी फोन करायला बाजूला गेला. अमोल तर्रीच्या तिखट रश्शात चमचा फिरवत होता, खात नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले एक सांगू का बे? तिसरा माणूस आपल्याकडं होता."

मला समजलं नाही.

त्याचा लहान भाऊ निखिल, फर्स्ट इयरला आहे. शाळेपासून पिस्तूल मारतो. तुम्हीच त्याला तयार करत होता, सकाळच्या बॅचला, म्हणून मी त्याला कधी पाहिला नाही. संघात तोच जाणार होता. मग तुम्ही मला पलीकडच्या टोकाला आणलं आणि निखिलला सांगितलं, तू पुढच्या वर्षी. अमोल तुमच्याशी भांडला होता. चांगला भांडला होता, म्हणाला तो. माझा भाऊ सोडून तो जॅकेटवाला काहून?

"मंग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

अमोलनं चमचा खाली ठेवला. "म्हणे, तुह्या भावाले थांबवणं मले जमलं नाही. याले थांबता येते, इतकं थांबता येते का मरते त्याच्यातच. पण ते त्याच्यात आहे. सुटणं मी त्याले शिकवीन म्हणे. ते मले जमन."

तुम्ही मला सगळं विसरायला सांगत होता, मॅडम, आणि मला घेतलं होतं ते त्याच्यासाठीच. जॅकेटातल्या त्या स्थिर मुलासाठी. मग गेटपाशी सांगितलं का नाही? कदाचित निखिलचं नाव घ्यावं लागलं असतं म्हणून. कदाचित अमोल माझ्याशी आणखी वाईट वागला असता म्हणून. किंवा तुम्हाला वाटलं असेल की असं सांगून काही होत नाही, मी मारूनच ते समजून घ्यावं. मला माहीत नाही. तुम्ही सोमवारी बोलणार होता. आणि तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तरी, खरं सांगायचं तर, माझा विश्वास बसला नसता. मी म्हटलं असतं, माझं मन राखायला म्हणतात.

मी अमोलला विचारलं, हे आज का सांगितलंस. तो म्हणाला, राग होता माझा, अजूनही थोडा आहे. पण तू आज हसत होता ना तिकडं, येड्यासारखा, मी पाहिलं. मग उठून त्यानं माझीही प्लेट उचलून ठेवली. त्याच्याकडून ही फार मोठी गोष्ट आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. संघ तोच ठेवायचा, असं कॉलेजचे खेळाचे सर म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर करून बोललो. म्हणालो, तिसऱ्या जागेसाठी निखिलला आणि मला मारू द्या. जो चांगला मारेल तो जाईल. सरांनी अमोलकडे पाहिलं. अमोलनं माझ्याकडे.

"मिळालेली जागा सोडून राहिला का?" त्यानं बाहेर आल्यावर विचारलं.

"सोडत नाही," मी म्हणालो. "खेळून घेतो."

उद्या सकाळी आहे, मॅडम, आपल्याच हॉलमध्ये. निखिलला मी परवा सराव करताना पाहिलं. फार सुंदर उचलतो आणि फार पटकन मारतो, पण जमतं त्याला. माझ्यापेक्षा वरचढ ठरू शकतो. तो जिंकला तर मी त्याचे कागद तारेवरून ओढून देईन आणि जिल्ह्याला त्याच्यासोबत जाईन, बाजूला बसून बघायला. पण मला जिंकायचं आहे. इतकं मला कधीच काही हवं नव्हतं, आणि ते असं मोठ्यानं म्हणायला मी कधी धजावलो नव्हतो. मला आता कुणाला विचारायचं नाही की मी तिसरा माणूस आहे का. उद्या मीच ते मारून बघणार आहे.